मिडवे: बॉम्ब पडला, त्यानंतर बोटीत काय झालं?

सागरवेडा

दुसऱ्या महायुद्धातली, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची लढाई इथे बऱ्याच जणांना माहीत असणार. ४ जून १९४२, सकाळचे साधारण १० वाजून २० मिनिटं, अमेरिकन डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) वरून कोसळले आणि पाच-सात मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू बोटी पेटल्या, संध्याकाळी चौथी हिर्यूपण गेली. बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. मला मात्र कित्येक वर्षं एक वेगळाच प्रश्न छळतोय म्हणून हा धागा काढतोय.

आकागीवर सरळ बसलेला बॉम्ब एकच होता. एकच! त्याच दिवशी दुपारी अमेरिकेच्या यॉर्कटाउनवर तीन बॉम्ब बसले आणि तरी ती दीड-पावणेदोन तासांत परत चालायला लागली. आकागी ३६ हजार टनांची, यॉर्कटाउन जेमतेम २० हजार टनांची. मोठी बोट एका बॉम्बने जाते आणि लहान बोट तीन खाऊन उभी राहते हे कसं काय?

माझ्या मते याचं उत्तर मिडवेला नाहीच, ते महिनाभर आधी कोरल समुद्रात आहे. ८ मे १९४२ ला तिथे अमेरिकेच्या लेक्सिंग्टन या विमानवाहू बोटीला टॉर्पेडो आणि बॉम्ब दोन्ही लागले होते. पण आगी आटोक्यात आल्या, बोट कललेली होती ती सरळ केली, विमानं उतरवून घेणं चालू झालं, सगळ्यांना वाटलं सुटलो. आणि दुपारी १२ वाजून ४७ मिनिटांनी आतून प्रचंड स्फोट झाला. टॉर्पेडोच्या धक्क्याने विमानाच्या पेट्रोलच्या टाक्यांना चिरा गेल्या होत्या, त्याची वाफ खालच्या डेकांवर हळूहळू पसरत होती, तिला कुठल्याशा चालू मोटरची ठिणगी मिळाली. मग स्फोटांवर स्फोट. संध्याकाळी आपल्याच विनाशिकेकडून टॉर्पेडो मारून ती बुडवायची वेळ आली, २१६ माणसं गेली.

हे यॉर्कटाउनवरच्या लोकांनी जवळून बघितलं, कारण ती त्याच लढाईत सोबत होती आणि स्वतः एक बॉम्ब खाऊन बसली होती. तिच्यावर ऑस्कर मायर्स नावाचा एक मशिनिस्ट होता, विमानाच्या पेट्रोलची व्यवस्था त्याच्याकडे. ॲडमिरल नाही की कॅप्टन नाही, पाइप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस. त्याने सुचवलं की विमानं भरून झाली की पाइपातलं पेट्रोल परत टाकीत सोडायचं आणि रिकाम्या पाइपात कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायचा. बस एवढंच. हवाच नाही तर पेटणार काय!

मग २७ मे ला यॉर्कटाउन पर्ल हार्बरला पोचली. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज सांगितला जात होता. दुसऱ्या दिवशी बोट ड्राय डॉकमध्ये घेतली, डॉकमधलं पाणी पूर्ण उपसलंही नव्हतं तेव्हा पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचा प्रमुख ॲडमिरल निमित्झ स्वतः रबरी बूट चढवून खाली उतरला आणि तीन दिवसांची मुदत देऊन गेला. चौदाशेच्या आसपास कामगार रात्रंदिवस लागले, पोलादी पत्रे, लाकडी टेकू, जे बसेल ते बसवलं आणि ३० मे ला बोट बाहेर. पाच दिवसांनी ती मिडवेला लढत होती.

दुपारी बाराच्या सुमारास हिर्यूचे बॉम्बर आले. एक बॉम्ब डेकवर फुटून हँगरमध्ये (विमानं ठेवायचा खालचा मजला) आग लागली, तिथल्या अधिकाऱ्याने लगेच स्प्रिंकलर सोडले. दुसरा धुराड्याच्या मार्गात फुटला आणि सहापैकी पाच बॉयलरांचा जाळ विझला, बोट जागेवर थांबली. तिसरा खूप आत जाऊन फुटला आणि तिथली आग पेट्रोलच्या टाक्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कोठारांच्या अगदी शेजारी. महिन्यापूर्वी लेक्सिंग्टन जिथे संपली तीच जागा म्हणा ना. पण इथे पेट्रोलभोवती मायर्सचा वायू भरलेला होता, कोठारात पाणी सोडलं होतं, आणि ते पेटलं नाही.

मला एवढंच म्हणायचंय की पॅसिफिकमधलं हे युद्ध लिहिताना आपण वैमानिकांवर पानंच्या पानं लिहितो आणि मायर्ससारख्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मुक्ता_वाचते

मस्त सुरुवात! मला लढायांमधलं फारसं कळत नाही, पण मग जपानी बोटींवर आग विझवणारे नव्हतेच का? आणि आकागीला एकच बॉम्ब लागला तर आग एवढी कशी पसरली, हे जरा सोपं करून सांगाल का?

सागरवेडा

मुक्ताताई, होते ना, पण त्या बॉम्बने आग लावली त्या जागेत काय होतं ते बघा. जपानी विमानवाहू बोटींचा सेनापती नागुमो, त्याच्याकडची विमानं त्या सकाळी आधी बोटींवर हल्ला करायला टॉर्पेडो लावून तयार होती, मग मिडवे बेटावर परत हल्ला करायचा ठरलं म्हणून टॉर्पेडो काढून बॉम्ब लावायला घेतले, मग अमेरिकन बोटी दिसल्या म्हणून पुन्हा उलटं. काढलेले बॉम्ब खाली कोठारात पाठवायला वेळ कुणाला होता, ते हँगरमध्येच कडेला ठेवलेले. पेट्रोल भरलेली विमानं, बाजूला बॉम्ब, टॉर्पेडो. आणि जपानी हँगर चहूबाजूंनी बंद. अमेरिकन हँगरच्या बाजू उघडता यायच्या, म्हणजे स्फोटाचा जोर बाहेर निघून जायचा आणि पेटलेलं सामान समुद्रात ढकलता यायचं. बंद पेटीत फटाक्यांची माळ लावली तर काय होईल? तेच झालं. कागावर तर पहिल्याच तडाख्यात आग विझवायच्या पाण्याचे पाइप निकामी झाले, लोक नळी हातात धरून उभे आणि पाणी नाही. एकट्या कागावर आठशेवर माणसं गेली.

अवधूत_ठाणे

धागा चांगला आहे पण थोडा एकांगी होतोय असं प्रामाणिकपणे वाटतं. मिडवे जिंकली ती आधी हवाईच्या तळघरात. रोशफोर्ट या अमेरिकन नौदलाच्या संकेत फोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या लोकांनी जपानी नौदलाचा संकेत अर्धामुर्धा फोडला होता, जपानी संदेशांतलं 'एएफ' म्हणजे कुठलं ठिकाण हे पक्कं करायला मिडवेवरून मुद्दाम साध्या भाषेत संदेश पाठवायला लावला की आमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय, आणि एक-दोन दिवसांत जपानी संदेशात आलं की एएफला पाणी कमी आहे. हे नसतं तर यॉर्कटाउन तिथे असलीच नसती.

दुसरं, फुचिदा या जपानी वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर जे सांगितलं, की जपानी डेकवर विमानं उड्डाणाला तयार उभी होती आणि अजून पाच मिनिटं मिळाली असती तर इतिहास बदलला असता, ते आता टिकत नाही. जपानी बोटींच्याच नोंदींवरून दिसतं की त्या वेळात डेकवर संरक्षणाच्या झीरो विमानांची चढउतर चालू होती, हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती. तुम्ही ते बरोबर लिहिलंय म्हणून बरं वाटलं, नाहीतर मराठीत अजून ती पाच मिनिटांची गोष्ट सर्रास छापतात.

तिसरं, आणि हे तुमच्या विरोधात जातं. शोकाकू ही जपानी विमानवाहू बघा. त्याच कोरल समुद्रात तिच्यावर तीन बॉम्ब बसले आणि ती जपानला परत पोचली. ऑक्टोबर १९४२ मध्ये सांताक्रूझच्या लढाईत परत हजार पौंडी बॉम्ब खाल्ले आणि परत पोचली. म्हणजे जपान्यांना बोट वाचवता येत नव्हती असं सरसकट म्हणणं चूक आहे.

सागरवेडा

अवधूत, शोकाकूचा मुद्दा मान्य, अगदी मान्य. पण सांताक्रूझला ती का वाचली तेही बघ, तेव्हा तिच्यावर पेट्रोल भरलेली विमानं नव्हती. म्हणजे मिडवेचा धडा तिथे कुणीतरी घेतला होता.

आणि कोरल समुद्रावरून आठवलं, मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट झुइकाकूची आहे. शोकाकूची जोडीदार बोट, तिला ओरखडाही नव्हता, फक्त तिची विमानं आणि वैमानिक बरेच गेले होते. शोकाकूचे उरलेले वैमानिक तिच्यावर चढवून तिला मिडवेला नेता आलं असतं. नाही नेलं, प्रत्येक बोटीची विमानं तिचीच अशी पद्धत होती. उलट यॉर्कटाउन फाटलेली, तिचे बरेचसे दमलेले स्क्वाड्रन (विमानांची पथकं) उतरवले आणि साराटोगा या दुसऱ्या अमेरिकन विमानवाहूचे चढवून निघाली. धड बोट घरी बसली आणि ठिगळं लावलेली बोट लढली!

निवृत्त_टिफी

बरेच दिवस फक्त वाचत होतो, या धाग्याने लिहायला लावलं. मी नौदलात आर्टिफिसर (यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ) होतो, म्हणजे आमच्या भाषेत टिफी, आणि आमचं डॅमेज कंट्रोलचं, म्हणजे आग-पाण्यातून बोट वाचवायचं ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत झालं. समुद्रापासून इतक्या लांब डोंगरात नौदलवाले बोट बुडण्याचा सराव करतात हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. एक लोखंडी खोली, तिच्या भिंतींना मुद्दाम भोकं, पाणी जोरात आत येतं, दिवे बंद, आणि तुम्ही लाकडी पाचरी, गाद्या, टेकू घेऊन ते थांबवायचं. पहिल्यांदा कमरेच्या वर पाणी आलं तेव्हा शिकवलेलं सगळं मी विसरलो होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात आपोआप चालायला लागले. ट्रेनिंगचा अर्थ मला तेव्हा कळला.

आता मुद्द्यावर. मुक्ताताईंनी विचारलं जपान्यांकडे आग विझवणारे नव्हते का. होते आणि ते चांगले शिकलेले होते, पण ते काम त्या ठरावीक लोकांचंच. त्यांच्यातले बरेचसे पहिल्या स्फोटात गेले की मागे उरलेल्या हजार लोकांना काय करायचं ते माहीत नाही. अमेरिकनांनी युद्धाच्या पहिल्याच वर्षात शाळा काढल्या, बॉस्टन आणि न्यूयॉर्कचे अग्निशमन दलातले लोक शिकवायला आणले आणि स्वयंपाक्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना धुरात घालून नळी धरायला शिकवलं. त्याच लोकांनी फॉग नोझल आणलं. साधी नळी तेलाच्या आगीवर मारली तर तेल उडतं आणि आग पसरते. फॉग नोझल पाण्याचं धुकं करतं, ते उष्णता ओढून घेतं, त्या धुक्याच्या आडून माणूस आगीच्या जवळ जाऊ शकतो आणि पाणीही कमी लागतं.

पाणी कमी लागणं याचं महत्त्व जमिनीवरच्या माणसाला चटकन कळत नाही. इमारतीवर मारलेलं पाणी गटारात जातं, बोटीत मारलेलं पाणी बोटीतच राहतं. वरच्या डेकवर शेकडो टन पाणी साचलं आणि बोट जरा कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं, आणि मग आग विझलेली बोट उलटी होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेली नॉर्मंडी ही भलीमोठी प्रवासी बोट अशीच गेली, आग विझवायच्या पाण्याने. बंदरात, शत्रू नसताना!

मी स्वतः एकदाच खरी आग बघितली आहे, बोटीचं नाव सांगत नाही. इंजिनरूममध्ये गरम पाइपावर तेल गळलं. तीन-चार मिनिटांत विझली, पण त्या धुरात मला माझाच हात दिसत नव्हता आणि ज्या शिडीवरून रोज वीस वेळा चढलो ती सापडेना. तेव्हापासून कागाच्या लोकांबद्दल वाचलं की मला पुढचं वाचवत नाही.

रेवदंडेकर

टिफीसाहेब, सलाम. असं लिहीत जा.

सागरवेडा, तुझ्या लेक्सिंग्टनच्या गोष्टीचा दुसरा भाग तू सोडलास, तैहो! १९ जून १९४४, फिलिपाइन समुद्र. जपानची सगळ्यात नवी विमानवाहू, मार्चमध्येच नौदलात आलेली, उड्डाणाचा डेक चिलखती. सकाळी अल्बाकोर या अमेरिकन पाणबुडीने टॉर्पेडो सोडले, कोमात्सु नावाचा वैमानिक नुकताच उडाला होता, त्याने एक टॉर्पेडो बघितला आणि विमानासकट त्यावर झेप घेतली. तरी दुसरा एक लागला. एकच. बोट पूर्ण वेगाने चालत राहिली, काळजी वाटावं असं वरून काही दिसत नव्हतं. पण पेट्रोलच्या टाकीला चीर गेली होती, म्हणजे तीच गोष्ट. वाफ बाहेर काढायची म्हणून सगळे पंखे आणि हवेचे मार्ग उघडायचा हुकूम दिला गेला आणि जी वाफ एका कोपऱ्यात होती ती बोटभर फिरली. साडेसहा तासांनी स्फोट झाला आणि तैहो गेली. लेक्सिंग्टनला दोन वर्षं उलटून गेल्यावर, त्याच कारणाने!

आणि शिनानो तर त्याहून वाईट. यामातो या जपानच्या अजस्र युद्धनौकेच्या जातीच्या बोटीची विमानवाहू केलेली, पूर्ण भरल्यावर ७० हजार टनांच्या वर. १९ नोव्हेंबर १९४४ ला नौदलात दाखल आणि २९ तारखेला आर्चरफिश पाणबुडीच्या चार टॉर्पेडोंनी बुडाली. दहा दिवस! काम अर्धवट, पाणी अडवणारी दारं सगळी बसलेलीही नव्हती, खलाशी नवे. सात तासांहून जास्त वेळ ती तरंगत होती, पण तेवढ्या वेळात काय करायचं ते कुणाला येत नव्हतं.

नंदिनी_माझगाव

तुमचं सगळं वाचताना मला सारखी आमची मुंबईची गोदी आठवतेय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टायकिन नावाची बोट. तेच महायुद्ध चालू असतानाचं वर्ष. बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी. दुपारी कापूस धुमसायला लागला, शेकडो टन पाणी मारलं पण आग नक्की कुठे आहे तेच सापडेना, आणि बोट तिथेच बुडवायची की बाहेर ओढून न्यायची हे शेवटपर्यंत ठरेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. माझी आजी तेव्हा डोंगरीला राहायची, खिडकीच्या काचा अंगावर आल्याचं सांगायची आणि सांगताना दर वेळी खांद्याला हात लावायची.

ते जवान पळाले नाहीत. पण हुकूम देणारं एक कुणीतरी नव्हतं.

अवधूत_ठाणे

नंदिनी, हे जोडून दाखवलंस ते फार बरं केलंस, मला कधी सुचलं नव्हतं.

रेवदंडेकर, तैहोनंतर जपान्यांनी राहिलेल्या बोटींच्या पेट्रोलच्या टाक्यांभोवती काँक्रीट ओतलं. म्हणजे धडा घेतला, पण तोपर्यंत घ्यायला बोटी किती उरल्या होत्या? माझा पहिला आक्षेप मी थोडा मागे घेतो. मला आता हे विचारायचंय की मायर्सची युक्ती एका महिन्यात वापरात येते आणि इकडे दोन वर्षं लागतात, हा फरक कशामुळे?

सागरवेडा

एक मोठं कारण मला लपवाछपवी वाटतं. १० जून १९४२ ला टोकियोने जाहीर केलं की अमेरिकेच्या दोन विमानवाहू बुडवल्या आणि आपली एक गेली, एकीचं नुकसान झालं. गेल्या होत्या चार! मिडवेहून आलेल्या जखमींना हॉस्पिटलात वेगळं ठेवलं, कुणाला भेटू दिलं नाही, फुचिदा स्वतः पाय मोडून तसाच पडून होता. खलाशांना घरी न सोडता लांबच्या तळांवर पाठवलं. म्हणजे ज्यांनी बंद हँगरमधली आग स्वतः बघितली त्यांनाच गप्प बसवलं. जे घडलंच नाही असं ठरवलंय त्यावरून नव्या पोरांना शिकवणार कसं?

याच्या उलट अमेरिकेची फ्रँकलिन ही विमानवाहू बघा. १९ मार्च १९४५, जपानच्या किनाऱ्यापासून अवघ्या ५० मैलांवर दोन बॉम्ब बसले, तेही डेकवर आणि हँगरमध्ये भरलेली विमानं असताना. मिडवेच्या जपानी बोटींसारखीच अवस्था. आठशेच्या आसपास माणसं मेली. डोनाल्ड गॅरी नावाचा लेफ्टनंट धुराने भरलेल्या मेसमध्ये अडकलेल्या तीनशे लोकांना अंधारातून वाट शोधून वर घेऊन आला, मग परत खाली गेला. ती बोट न्यूयॉर्कपर्यंत स्वतःच्या इंजिनांवर गेली.

मुक्ता_वाचते

मी दोन दिवस हा धागा परत परत वाचतेय. यॉर्कटाउनचं शेवटी काय झालं? आणि ते पाच बॉयलर विझले म्हणालात, मग सहावा?

सागरवेडा

ताई, ती परत चालायला लागली, १९-२० नॉटचा वेग आला. तेवढ्यात तोमोनागा या जपानी वैमानिकाच्या नेतृत्वाखाली हिर्यूची टॉर्पेडो विमानं आली. त्याच्या विमानाची एक टाकी सकाळीच फुटली होती, परत येणं होणार नाही हे माहीत असून तो निघाला होता. त्यांना समोर धूर नसलेली, चालती बोट दिसली म्हणून वाटलं की ही दुसरीच आहे, आणि परत यॉर्कटाउनवरच टॉर्पेडो मारले. दोन लागले, बोट खूप कलली, कॅप्टनने सोडायचा हुकूम दिला. तरी बुडेना. ६ जूनला माणसं परत चढली, बोट सरळ करायला घेतली, आणि दुपारी जपानच्या आय-१६८ पाणबुडीने बोटीला आणि मदतीला चिकटून उभ्या असलेल्या हॅमन विनाशिकेला टॉर्पेडो मारले. हॅमन काही मिनिटांत गेली. यॉर्कटाउन ७ जूनच्या पहाटे बुडाली. १९९८ मध्ये पाच किलोमीटर खोल सापडली, सरळ उभी.

सहाव्या बॉयलरचं टिफीसाहेबांनी सांगावं, ते त्यांचं क्षेत्र.

निवृत्त_टिफी

तो एक नंबरचा बॉयलर. चार्ल्स क्लाइनस्मिथ नावाचा वॉटरटेंडर (बॉयलर सांभाळणारा खलाशी) आणि त्याची माणसं तिथे होती. धुराड्याचा मार्ग फुटल्यावर जाळाचा धूर आणि वायू उलटे बॉयलररूममध्ये येतात, श्वास घेता येत नाही, भट्टीच्या विटा ढासळलेल्या असतात. बाकीच्या खोल्या सोडाव्या लागल्या, या लोकांनी सोडली नाही. एक बॉयलर जिवंत असला की थोडी वाफ असते, त्या वाफेवर पंप आणि यंत्रं चालतात, आणि विझलेले बॉयलर परत पेटवता येतात. तोही विझला असता तर आग विझवणाऱ्यांच्या नळीत पाणी कुठून आलं असतं?

क्लाइनस्मिथ त्याच दुपारी टॉर्पेडो लागले तेव्हा गेला. त्याला मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला आणि पुढे एका जहाजाला त्याचं नाव दिलं.

आणि एक सांगतो, तिकडच्या बाजूचं. हिर्यू जळत असताना वरच्यांचा इंजिनरूमशी संपर्क तुटला, खालचे सगळे मेले असं समजून बोट सोडली. ते मेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तीसेक जण वाट काढून वर आले तर बोटीवर कुणीच नाही. एक होडी सोडून दोन आठवडे समुद्रात तरंगत राहिले आणि शेवटी अमेरिकन बोटीने त्यांना उचललं. त्यांच्यात आणि क्लाइनस्मिथमध्ये मला तरी काही फरक दिसत नाही, दोघंही वरून हुकूम येईपर्यंत खाली यंत्रांपाशी उभे होते.